ऑटिस्टिक स्पर्धक आणि रिअ‍ॅलिटी शो: मार्क नेमके कशाला मिळतात?

माझा भाचा एकोणीस वर्षांचा असताना मी त्याला एका गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला घेऊन गेले होते. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. सकाळी सातचा रिपोर्टिंग टाइम, छातीवर चिकटवलेला नंबर, कॉलेजच्या पटांगणात मांडव. नंबर आला दुपारी पावणेतीनला. आतल्या खोलीत तिघं बसली होती. त्यातल्या एकीने हसून विचारलं, "गाण्याआधी तुझ्याबद्दल काहीतरी इंटरेस्टिंग सांग ना."

भाच्याने विचारलं, "किती वेळ?"

तिघंही हसली. त्याला वाटलं, प्रश्न ऐकू गेला नसेल. म्हणून त्याने तोच प्रश्न, त्याच आवाजात, पुन्हा विचारला. मग एकाने हातानेच 'गा' अशी खूण केली. तो गायला, आणि सूर कुठेही हलला नाही. बाहेर आल्यावर क्लिपबोर्ड घेतलेला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवाज मस्त आहे हो. पण थोडा अ‍ॅटिट्यूड वाटला."

मी स्वतः बरीच वर्षं ओशिवऱ्याच्या एडिट रूममध्ये काढली आहेत. सुरुवात लॉगर म्हणून केली. म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं सगळं फुटेज बसून बघायचं आणि कोण, काय, किती वाजून किती सेकंदांनी बोललं, ते लिहून काढायचं. त्यामुळे 'अ‍ॅटिट्यूड वाटला' या शब्दांमागे काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मला राग आला. नंतर कुतूहल वाटलं. ऑटिस्टिक माणूस रिअ‍ॅलिटी शोमध्ये गेला की होतं काय? लोक विचारतात, 'त्याला झेपेल का?' मला वाटतं, आधी विचारायला हवं की त्या शोमध्ये मार्क नेमके कशाला आहेत.

आधी ऑटिझमबद्दल थोडं. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. सरकारी कागदावर, वर्तमानपत्रात हाच शब्द असतो. मला तो फारसा पटत नाही, कारण त्यातून स्वतःतच बुडालेला, जगाशी देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यासमोर येतो. माझ्या भाच्याला जगाशी इतकं देणंघेणं आहे की मध्य रेल्वेचं वेळापत्रक बदललं की तो दोन दिवस अस्वस्थ असतो. म्हणून मी इथे ऑटिझमच म्हणते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांची वर्णनं लिहिली. 'आस्परगर सिंड्रोम' हे निदान पुढे वेगळं दिलं जायचं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने ते ऑटिझमच्याच छत्राखाली आणलं. त्यामुळे जुन्या बातम्यांमध्ये 'आस्परगर असलेला स्पर्धक' असं वाचलंत, तर आज त्यालाच ऑटिस्टिक म्हणतात असं समजा.

हा आजार नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी तासभर थांबत नाही. पण दोन गोष्टी बऱ्याच जणांत दिसतात आणि टीव्हीच्या संदर्भात त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट ज्ञानेंद्रियांची. आवाज, उजेड, स्पर्श, वास कमी-जास्त तीव्रतेने जाणवतात. लोक मला म्हणतात, "अहो, हा लोकलच्या गर्दीत जातो, मग स्टुडिओत काय त्रास?" लोकलचा आवाज ओळखीचा असतो. मोटर, ब्रेक, 'पुढील स्टेशन', सगळं ठरल्या जागी. शिवाय कानावर हेडफोन लावता येतात आणि दरवाजाची बाजू आपली आपण निवडता येते. सेटवर यातलं काहीच आपल्या हातात नसतं. एसी इतका गार की क्रूची माणसं मे महिन्यात जॅकेट घालून फिरतात. एलईडीची भिंत सतत लुकलुकते. छातीवर टेपने चिकटवलेला माइक, मानेवर पावडर, आणि मधेच प्रेक्षकांना सांगणारा माणूस: "टाळ्या! अजून जोरात! परत एकदा!" आवाज किती आहे यापेक्षा तो कधी येणार हे माहीत नसणं जास्त छळतं.

दुसरी गोष्ट न बोललेल्या बोलण्याची. हे समजावायला मराठी घरासारखं उदाहरण नाही. सून अकराला उठली की सासूबाई म्हणतात, "बाई बाई, किती लवकर उठलीस आज!" यातला एकही शब्द त्याच्या अर्थाने आलेला नसतो. आपण टोमणा टोमणा म्हणून ओळखतो, कारण शब्द, आवाजाची चढउतार, भुवई, ताटाचा आवाज हे सगळं एकाच क्षणात एकत्र वाचतो. माझ्या भाच्याला मी असं काही म्हटलं की तो उत्तर देतो, "नाही मावशी, उशिरा उठलो." मोठेपणी पुष्कळ ऑटिस्टिक माणसं टोमणे ओळखायला शिकतात, पण गणित सोडवल्यासारखं, एकेक पायरी करत. त्यात दोन सेकंद जातात, आणि टीव्हीवर दोन सेकंद म्हणजे फार होतात.

इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? अडचण दोन्हीकडून आहे. फक्त एकाच बाजूचे लोक संख्येने जास्त आहेत, म्हणून दोष दुसऱ्या बाजूच्या नावावर लागतो.

आता एक प्रयोग सांगते. अमेरिकेत नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि करायला काय लावलं, तर रिअ‍ॅलिटी शोची लुटुपुटूची ऑडिशन! मग त्यातले काही सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले आणि विचारलं, हा माणूस कसा वाटतो, याच्याशी बोलायला आवडेल का. कोणाला व्हिडिओ दाखवला, कोणाला नुसता आवाज ऐकवला, कोणाला एक स्थिर चित्र दाखवलं. सगळ्यांनी ऑटिस्टिक माणसांना कमी पसंती दिली, तीही काही क्षणांत. काही जणांना मात्र बोलण्याचा फक्त लिहून काढलेला मजकूर दिला होता. त्यांच्या पसंतीत फरकच उरला नाही. म्हणजे बोलण्याचा ऐवज सारखाच होता, खटकत होती ती बोलण्याची धाटणी.

हे वाचल्यावर क्लिपबोर्डवाल्या मुलावरचा माझा राग थोडा निवळला. त्याला 'अ‍ॅटिट्यूड' खरंच दिसला होता. तो तिथे नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता रिअ‍ॅलिटी शोकडे येऊ. आपण सगळ्या शोंना एकाच पोत्यात भरतो, पण त्यात मार्क फार वेगवेगळ्या गोष्टींना असतात. प्रश्नमंजूषा घ्या. प्रश्न विचारला जातो, चार पर्याय असतात, घड्याळ समोर असतं, कोणी कधी बोलायचं ते ठरलेलं असतं. अशी रचना ऑटिस्टिक माणसाला रोजच्या आयुष्यापेक्षा सोपी जाऊ शकते. लग्नाच्या हॉलमध्ये कोणाशी किती वेळ बोलायचं हे कोणीच सांगत नाही. हॉटसीटवर सगळं सांगतात. गाण्याच्या, स्वयंपाकाच्या, नाचाच्या स्पर्धा मधल्या. कलेला मार्क असतातच, पण सोबत 'जर्नी', 'कनेक्ट', 'स्क्रीन प्रेझेन्स' अशा नावांचा एक न छापलेला पेपरही असतो.

आणि मग घरात कोंडण्याचे शो. याचं मूळ १९९९ सालच्या नेदरलँड्समधल्या 'बिग ब्रदर'मध्ये. आपल्याकडे हिंदीत तो २००६ मध्ये आला आणि मराठीत २०१८ मध्ये. इथे गाणं नाही, स्वयंपाक नाही. पेपरच टोमण्यांचा आहे. कोण कोणाच्या मागे काय बोललं, कोणाचा पाठिंबा खरा, मैत्री कुठे संपते आणि 'गेम' कुठे सुरू होतो हेच ओळखायचं असतं. घरात घड्याळ नाही, फोन नाही, दिवे कधी जातील ते माहीत नाही, दुपारी डुलकी लागली तर आवाज करून उठवतात. "तुझा गेम दिसत नाहीये", "तू इनपुट देत नाहीस" ही तिथली शिवी आहे, आणि तिचा नेमका अर्थ विचारला तर कोणालाच सांगता येणार नाही. (गंमत म्हणजे त्या घरात ऑटिस्टिक माणसाला सगळ्यात सोयीचा माणूस स्वतः बिग बॉसच ठरेल. चेहरा नाही, भुवई नाही, स्पष्ट आवाजात नियम सांगतात आणि गप्प बसतात.)

तुम्ही म्हणाल, मराठी प्रेक्षकाला रोखठोक माणूस आवडतो की. आवडतो, पण आपल्या रोखठोकपणालाही एक ठेका लागतो. बोलायचं तोंडावर, पण शेवटी हसून पाठीवर थाप मारायची, म्हणजे 'मनात काही नाही' हे समोरच्याला कळतं. ती थाप विसरली की तोच माणूस उद्धट ठरतो. ऑटिस्टिक माणसाच्या मनात खरोखरच काही नसतं, म्हणून थाप मारायचं त्याला सुचतही नाही.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सुझन बॉयल यांचं. एप्रिल २००९, 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'. स्कॉटलंडमधल्या ब्लॅकबर्न गावच्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाई मंचावर येतात, थोडं अडखळत उत्तरं देतात, कंबर हलवून दाखवतात. प्रेक्षकांत एक मुलगी डोळे फिरवते. मग बाई गातात आणि सगळे उभे राहतात. जगभर कोट्यवधी लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. अंतिम फेरीत त्या दुसऱ्या आल्या, आणि लगेच थकव्याने त्यांना एका खासगी मानसोपचार रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. लहानपणी त्यांना सांगितलं होतं की जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आहे. आस्परगर असल्याचं त्यांना २०१२ मध्ये समजलं आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ते जाहीर केलं. स्वतःबद्दल नीट कळल्याने हायसं वाटलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता तो पहिला व्हिडिओ पुन्हा बघा. गाण्याआधीची दीड-दोन मिनिटं कशावर उभी आहेत? बाई 'विचित्र' वाटण्यावर. प्रेक्षक आधी हसले नसते तर नंतरच्या टाळ्यांना तेवढी किंमत आली नसती. आमच्या धंद्यात याला 'ग्राफ' म्हणतात. माणूस जितका खाली दाखवाल, तितकी वर जाण्याची उडी मोठी.

इथे एडिट रूमची एक गोष्ट सांगते. प्रेक्षकांचे चेहरे, परीक्षकांच्या भुवया हे 'रिअ‍ॅक्शन शॉट' गाण्याच्या वेळचेच असतात असं नाही. ते साठवलेले असतात आणि जिथे गरज पडेल तिथे लावता येतात. बोललेल्या वाक्यांचंही तसंच. मंगळवारच्या मुलाखतीतला अर्धा भाग आणि गुरुवारचा अर्धा जोडून एक वाक्य होतं. ते ऐकू येत असताना पडद्यावर दुसऱ्याचा चेहरा ठेवायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. एकदा आमच्याकडे असाच एक शो टीव्हीवर चालू होता. भाचा ताटावरून न उठता म्हणाला, "मावशी, हे भांडण दोन दिवसांचं आहे." मी विचारलं, कशावरून? म्हणाला, "मागच्या टेबलावरचा जग आधी भरलेला, मग रिकामा, मग परत भरलेला. आणि तिच्या नखांचा रंग बदलला." बाकी सगळे चेहरे बघत होते. तो जग बघत होता.

पण ऑटिस्टिक स्पर्धकाच्या बाबतीत ही कात्री जास्त लागते. समोरच्याकडे न बघणं, उशिरा येणारं उत्तर, चेहऱ्यावर न उमटणारी प्रतिक्रिया हे सगळं कच्च्या मालासारखं असतं. मागे गूढ संगीत लावलं की तो माणूस कारस्थानी दिसतो, पियानो लावला की बिचारा, आणि टुणटुण वाजणारी तार लावली की विनोदी. फुटेज एकच.

'बिचारा' हा रस्ता आपल्याकडे जास्त चालतो. स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी फिल्म असते, तिला आम्ही एव्ही म्हणतो. त्या ऑडिशनच्या दिवशी मांडवात माझ्या ताईलाही एका मुलीने माइक लावून विचारलं होतं, "काकू, स्ट्रगल सांगा ना. कळलं तेव्हा कसं वाटलं? रडू आलं तर थांबवू नका हां." ताई म्हणाली, "रडायचं काय त्यात? गातो तो, त्याचं विचारा." ती क्लिप कुठे वापरली गेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकलेला कोडी ली अंध आणि ऑटिस्टिक आहे. त्याच्या पहिल्या फेरीत एक गोष्ट मला आवडली. आई त्याला हात धरून मंचावर घेऊन आली, प्रश्नांची बरीचशी उत्तरं तिने दिली, आणि तो पियानोपाशी बसला. कोणी त्याला 'इंटरेस्टिंग सांग' म्हणून ताटकळत ठेवलं नाही. दहा लाख डॉलरचं बक्षीस तो जिंकला ते आवाजाच्या आणि बोटांच्या जोरावर. तरीही त्याच्याबद्दल लिहिताना जवळजवळ प्रत्येकाने 'चमत्कार' हा शब्द वापरला. चांगला गायक म्हणायला काय हरकत होती, मला कळत नाही.

निदान झालेलं असताना आणि ते सांगून शोमध्ये उतरलेल्या लोकांत हेदर कुझमिच हे जुनं नाव. २००७ चा 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल'. फोटोत ती अप्रतिम यायची आणि प्रेक्षकांची लाडकी होती. घरातल्या मुलींच्या कुजबुजीत मात्र ती एकटी पडायची. स्पर्धा चीनला गेली तेव्हा अनोळखी शहरात पत्ते शोधत डिझायनर गाठायचे होते. तिथे ती रस्ता चुकली आणि बाहेर पडली. मॉडेलिंगच्या परीक्षेत मार्क गेले रस्ता शोधण्यात. अर्थात मॉडेलला हे करावं लागतंच, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण कोणता भाग कामाचा आणि कोणता उगीच घातलेला अडथळा, हा प्रश्न तिथे कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर अठरा वर्षांनी, २०२५ मध्ये, बेटावर गटागटाने राहून एकमेकांना बाद करण्याच्या 'सर्व्हायव्हर' या अमेरिकन शोच्या अठ्ठेचाळिसाव्या पर्वात एव्हा एरिकसन आली. ब्राउन विद्यापीठात इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणारी, आइस हॉकी खेळणारी. आपण ऑटिस्टिक आहोत हे तिने सुरुवातीला फक्त एकाच सहस्पर्धकाला, जो हंटरला, सांगितलं आणि जास्त ताण आला तर आपल्याला कसं सावरायचं तेही सांगून ठेवलं. पुढे दोघे वेगवेगळ्या गटांत गेले. एका टास्कमध्ये हातांचं बारीक काम होतं. पुन्हा पुन्हा चुकून अखेर तिने ते पूर्ण केलं, पण तोवर ताण हाताबाहेर गेला होता. ती कोसळून रडू लागली. समोरच्या गटात उभा असलेला जो अस्वस्थ झाला होता. तेव्हा सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट यांनी त्याला हद्द ओलांडून तिच्यापर्यंत जाऊ दिलं. त्याने तिला घट्ट धरलं, ती शांत झाली आणि मग तिने सगळ्यांसमोर सांगितलं, मी ऑटिस्टिक आहे. स्पर्धेत ती शेवटपर्यंत टिकली आणि दुसरी आली.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. लहान मूल चॉकलेटसाठी रडतं तेव्हा ते समोर कोण बघतंय याकडे डोळा ठेवून असतं. ऑटिस्टिक माणसाचा 'मेल्टडाउन' तसा नसतो. फ्यूज उडावा तसा तो असतो. बघणारे असोत वा नसोत, चॉकलेट दिलं तरी थांबत नाही. काही जणांचा फ्यूज उलट्या दिशेने उडतो. ते गप्प होतात, उत्तर देत नाहीत, हलत नाहीत. टीव्हीवर पहिल्याला 'ड्रामा' म्हणतात आणि दुसऱ्याला 'भाव खातोय'. एव्हाच्या प्रसंगात वेगळं घडलं ते इतकंच की बघणाऱ्यांपैकी एकाला आधीच माहीत होतं आणि नियम सांभाळणाऱ्याने नियम क्षणभर बाजूला ठेवला.

ॲन हेगर्टी यांचंही असंच. ब्रिटनमधल्या प्रश्नमंजूषेत भल्याभल्यांना हरवणाऱ्या बाई. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या 'आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी'मध्ये गेल्या आणि सुरुवातीलाच रडकुंडीला येऊन परत जायला निघाल्या होत्या. सोबतच्यांना त्यांनी आपल्या आस्परगरबद्दल सांगितलं. निदान त्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झालं होतं. त्या थांबल्या आणि बरेच दिवस टिकल्या. प्रश्नमंजूषेच्या खुर्चीत वाघीण, जंगलात पहिल्याच दिवशी बेजार. माणूस तोच, पेपर बदलला.

सगळे शेवट असे नसतात. त्याच वर्षी एका बंगल्यात राहून जोड्या जमवण्याच्या 'लव्ह आयलंड' या ब्रिटिश शोमधून नायल अस्लम नऊ दिवसांत अचानक बाहेर पडला. कारण तेव्हा सांगितलं गेलं नाही. आपल्याला लहानपणीच आस्परगरचं निदान झालं होतं हे त्याने नंतर जाहीर केलं, आणि त्या काळात ताणामुळे वास्तवाचं भान सुटण्यापर्यंत वेळ आली होती हेही सांगितलं. ऑटिस्टिक माणसं चारचौघांसारखं दिसण्यासाठी मुखवटा घालतात. डोळ्यात बघायचं, योग्य वेळी हसायचं, हात हलू द्यायचे नाहीत. ऑफिसातून घरी आल्यावर तो उतरवता येतो. चोवीस तास कॅमेरे असलेल्या घरात तो उतरवायचा कुठे?

त्याच शोच्या दोन माजी स्पर्धकांनी २०१८ आणि २०१९ मध्ये आत्महत्या केल्यावर ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. वाहिनीने प्रत्येक स्पर्धकाला शो संपल्यावर समुपदेशनाची किमान आठ सत्रं द्यायचं जाहीर केलं. तिथल्या प्रसारण नियामकाने, ऑफकॉमने, सहभागी माणसांच्या काळजीचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू केले.

आपल्याकडे? लहान मुलांसाठी नियम आहेत. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग मुदत ठेवीत टाकावा लागतो. मोठ्या स्पर्धकाची भिस्त मात्र करारावरच. टीव्हीच्या कार्यक्रमसंहितेचा रोख पडद्यावर काय दिसतं यावर आहे. जो दिसतो त्याच्या झोपेवर नाही.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मात्र इथे उपयोगी पडू शकतो. त्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, आणि समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करून देता येतील अशा सोयींचं तत्त्वही त्यात आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, चित्रपट आणि दृश्यमाध्यमांत अपंग माणसं कशी दाखवावीत याबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांची टर उडवू नका, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना अचाट शक्तीचे महामानवही करू नका, असा त्याचा सूर आहे. खटला एका हिंदी चित्रपटाचा होता, पण आमच्या एव्ही लिहिणाऱ्या पोरांनी ती दोन पानं वाचली तरी पुष्कळ होईल.

ऑटिस्टिक माणसांच्या प्रेमाच्या गाठीभेटी दाखवणारा 'लव्ह ऑन द स्पेक्ट्रम' २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला आणि त्याच्या अमेरिकन आवृत्तीला २०२२ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. तिथे कोणी बाद होत नाही, कारस्थानं नाहीत. मला तो बघायला आवडतो. तरी तिशीतल्या माणसांच्या मागे लहान मुलांच्या कार्यक्रमासारखं संगीत का वाजतं, हा काही ऑटिस्टिक प्रेक्षकांचा आक्षेप मलाही पटतो.

मग सेटवर काय बदलता येईल? फार काही लागत नाही, हेच तर दुखणं आहे. कॉल टाइम आदल्या दिवशी लेखी द्यायचा आणि उशीर होणार असेल तर किती ते सांगायचं. मुलाखतीचे प्रश्न आधी द्यायचे. व्हॅनिटीत किंवा कुठल्याही खोलीत दिवे मंद करून दहा मिनिटं बसू द्यायचं. माइक कापडावर लावायचा, कातडीवर नाही. टास्कचे नियम बोलून आणि कागदावरही. 'आत्मविश्वास दाखव' ऐवजी 'मधल्या कॅमेऱ्याकडे बघून गा' असं सांगायचं. प्रॉडक्शनवाले म्हणतात वेळ नसतो. पण एका स्पर्धकाच्या रडण्यासाठी तासभर युनिट उभं राहिलेलं मी पाहिलंय.

आधी सांगून टाकावं का, हा आईवडिलांचा नेहमीचा प्रश्न. सॅसन यांच्याच २०१९ च्या अभ्यासात निदान सांगितल्यावर बघणाऱ्यांचं मत सुधारलं, विशेषतः ज्यांना ऑटिझमची थोडी माहिती होती त्यांचं. मात्र टीव्हीत सांगणं म्हणजे दोन गोष्टी. सेटवरच्या माणसांना सांगणं आणि महाराष्ट्राला सांगणं. पहिलं करावं असं माझं मत आहे. दुसऱ्याचा निर्णय स्पर्धकाचा, आणि तो सही करण्याआधी करारात लिहून घ्यावा. एकदा फुटेज हातात आलं की ते कात्रीवाल्याचं.

भाच्याला मी परवा विचारलं, पुन्हा जाशील का? म्हणाला, जाईन. त्याने 'इंटरेस्टिंग'ची उत्तरं बसवून ठेवली आहेत. तीस सेकंदांचं एक, दोन मिनिटांचं एक, आणि एक अकरा मिनिटांचं, ज्यात कल्याण ते कसारा मार्गाचा इतिहास येतो. कितीचं हवं ते त्यांनी सांगावं, म्हणतो.